गुजरातीत क्रियाविशेषण पदबंध कसे योजावेत
नवापूर-नंदुरबारच्या बाजारात कानावर पडणारी गुजराती बोलू पाहणाऱ्याने क्रियाविशेषण पदबंधांसाठी, म्हणजे क्रिया कशी, कुठे वा केव्हा घडते हे सांगणाऱ्या शब्दसमूहांसाठी, प्रथम ‘थी’ हा प्रत्यय पक्का करावा. ‘सुरतथी आव्यो’ म्हणजे सुरतेहून आला आणि ‘ध्यानथी सांभळो’ म्हणजे लक्षपूर्वक ऐका. येथे मराठीच्या सवयीने ‘ने’ लावू नये, कारण गुजरातीत तो प्रामुख्याने आपल्या ‘ला’चे काम करतो. ‘धीमे धीमे’सारखी द्विरुक्ती सहज जमते. खरी कसोटी ‘वहेलो’ची आहे: आपले ‘लवकर’ अविकारी असते, म्हणजे त्याचे रूप बदलत नाही, परंतु गुजरातीत ‘छोकरो वहेलो आव्यो, छोकरी वहेली आवी’ असे लिंगानुसार रूप बदलते. सरावासाठी ‘काले सवारे बसमां सुरत जईश’ (उद्या सकाळी बसने सुरतेला जाईन) हे वाक्य गावांची नावे बदलून म्हणावे. यातील ‘काले’ काल आणि उद्या, दोन्हींसाठी चालते आणि नेमका अर्थ क्रियापदावरून ठरतो.