सीपॅपवरचं (नाकावाटे दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावरचं) बाळ चुळबुळतंय? औषधाआधी नळी बघा, या चुका टाळा

इंदूरच्या कुठल्याही एनआयसीयूबाहेर, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर, एखादी आजी हमखास म्हणते, “सातव्या महिन्यातलं बाळ ते, त्याला काय कळतंय दुखलं-खुपलं!” आजींना नावं ठेवण्यात अर्थ नाही. १९८० च्या दशकापर्यंत बरेच डॉक्टरही हेच धरून चालत आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ऑपरेशनं नावापुरत्या भुलीवर होत. हा समज खोडून काढण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते डॉ. कंवलजीत सिंग आनंद आपल्या इंदूरच्याच एमजीएम मेडिकल कॉलेजातून शिकून ऑक्सफर्डला गेले. हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याच्या ऑपरेशनात फेंटानिल हे वेदनाशामक दिलं तर बाळाच्या शरीरावरचा ताण कमी राहतो आणि नंतरच्या गुंतागुंतीही कमी होतात, हे त्यांच्या गटाने १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं.

दुखतं का, हा प्रश्न तिथेच संपला. चुका होतात त्या ओळखण्यात, आणि ओळखल्यावर घाई करण्यात.

रडत नाही म्हणजे बरं आहे

व्हेंटिलेटरवरचं बाळ रडतं, पण ऐकू येत नाही. श्वासाची ट्यूब स्वरयंत्रातूनच खाली गेलेली असते. म्हणून चेहरा बघायचा, पूर्ण ३० सेकंद. भुवयांमधला भाग फुगून येतो, डोळे गच्च मिटतात, नाकाच्या बाजूने ओठाकडे घडी पडते. सोबत मॉनिटरवर ठोके वाढतात, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) उतरतं. पीआयपीपी हा वेदनामापनाचा तक्ता याच खुणांवर बेतलेला आहे. बाळ जितक्या कमी आठवड्यांचं, तितके त्यात जास्तीचे गुण, कारण लहानग्याचा चेहरा कमी बोलतो. फाकलेली बोटं, ताठ वर गेलेले हात, लागोपाठ जांभया किंवा उचक्या, कातडीवर जाळीसारखे डाग हीसुद्धा ताणाची चिन्हं. आणि चार वेळा टोचल्यावर बाळ निपचित पडलं, तर ‘शांत झालं’ असं लिहू नका. ते थकलेलं असतं, नाहीतर जास्त आजारी झालेलं असतं.

चुळबुळ दिसली की झोपेचं औषध

आमच्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. श्वासाच्या मशीनवरचं बाळ तळमळतं तेव्हा पहिला संशय हवेवर घ्यायचा.

बबल सीपॅपमध्ये नळीचं एक टोक पाण्याच्या बाटलीत बुडलेलं असतं; आधी त्या बाटलीकडे बघा. नळी पाण्यात ५ सेंमी बुडालेली असेल तर दाब ५ सेंमी पाण्याइतका, पण बुडबुडे येत असतील तरच. बुडबुडे थांबले म्हणजे हवा कुठेतरी गळतेय: प्राँग (नाकपुडीत बसवलेली छोटी नळी) निसटलाय, नळ्या धरून ठेवणारी टोपी सैल झालीय किंवा बाळाचं तोंड उघडं आहे. मग नळ्या बघा. इंदुरात मे महिन्यात एसी जोरात चालतो, गरम ओलसर हवा थंड नळीत पाणी धरते. ते पाणी नाकाकडे सरकलं की बाळ दचकतं, गुदमरतं. पाणी कधीही बाळाच्या दिशेने ओतायचं नाही, आणि ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारं यंत्र) बाळापेक्षा खालच्या पातळीवर ठेवायचा. त्यानंतर पोट. सीपॅपची हवा पोटात जाते, पोट तट्ट फुगतं आणि श्वासपटल वर ढकललं जातं. तोंडातून पोटात घातलेली नळी दुधाच्या वेळा सोडून उघडी हवी. ती बंद राहिलेली सापडते, हे काही क्वचित होत नाही.

व्हेंटिलेटरवर क्रम असा: ट्यूब सरकली का, तुंबली का, छातीत हवा साठली का, मशीन किंवा जोडण्या बिघडल्या का. हे सगळं नीट असून चेहरा वेदनाच सांगत असेल, तर औषधाचा विचार. ‘मॉर्फिन सगळ्यांनाच लावून ठेवू’ हा उपाय नव्हे. आनंद यांच्याच २००४ च्या नियोपेन चाचणीत ८९८ बाळं होती. सरसकट मॉर्फिनने मृत्यू किंवा मेंदूतला मोठा रक्तस्राव कमी झाला नाही. रक्तदाब मात्र उतरला. मिडाझोलॅम हे झोपेचं औषध तर अपुऱ्या दिवसांच्या बाळात टाळलेलंच बरं. याउलट, ठरवून ट्यूब घालताना आधी वेदनाशामक न देणं ही चूकच. फेंटानिल सावकाश द्यावं, भसकन दिलं तर छातीचे स्नायू आखडतात.

नाक

प्राँग नाकपुडी भरेल इतका हवा, पण कडा पांढरी पडता कामा नये, आणि नाकपुड्यांमधल्या पडद्यापासून सुमारे २ मिमी अंतर हवं. गळती थांबवायला प्राँग आत दाबणं म्हणजे जखमेला आमंत्रण. प्राँगचा आणि टोपीचा नंबर बदला. दर दोन ते चार तासांनी प्राँग काढून लाली बघा. चेहऱ्याला तेल लावू नका, पट्टी धरत नाही.

सक्शन आणि टोचणं

‘दर दोन तासांनी सक्शन’ (नळीने स्राव ओढून काढणं) असा नियम करू नका, स्राव असेल तेव्हाच करा. नळी मोजलेल्या खोलीपर्यंतच घाला, दहा सेकंदांत बाहेर काढा, दाब ८० ते १०० मिमी पारा. दोघांनी करावं: एकाने सक्शन, दुसऱ्याने बाळाचे हातपाय दुमडून, एक हात डोक्यावर, एक पायांवर असं स्थिर धरायचं, आणि काम झाल्यावरही दोन-चार मिनिटं सोडायचं नाही.

सक्शनच्या वेळी वाढवलेला ऑक्सिजन तसाच राहून जातो, हे फार घडतं. सॅच्युरेशन ९० ते ९५ मध्ये आलं की लगेच उतरवा. ९५ च्या वर रेंगाळणं डोळ्यांच्या पडद्याला घातक.

टोचण्याआधी २४ टक्के सुक्रोजचे थेंब दोन मिनिटं आधी जिभेच्या टोकावर द्यायचे. अगदी लहान बाळाला ०.१ ते ०.२ मिलि पुरतं. टोचताना घाईने दिले तर उपयोग कमी. घरून साखरपाणी आणू नका, आणि मध तर मुळीच नाही. मधातल्या जंतूंनी बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. सुक्रोज नसेल तर आईच्या दुधाचे थेंब चालतात, सिस्टरना विचारून.

थोपटणं

घरच्यांचा हात आपसूक थोपटायला जातो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हलका, सरकता स्पर्श खुपतो. हात धुऊन, कोमट करून, डोक्यावर आणि पायांवर नुसता ठेवा. इनक्युबेटरवर बाटली किंवा फाईल ठेवू नका. बाहेरची टकटक आत मोठी ऐकू येते.

‘सीपॅप निघाल्यावर कांगारू केअर’ (बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणं) अशी वाट बघायची गरज नाही. बाळ स्थिर असेल तर सीपॅपवरही ते करता येतं. बाळाला उचलून आणताना दोघं लागतात: एक बाळ धरतो, एक नळ्या. नळ्या आईच्या कपड्याला खांद्याजवळ टेपने बांधा, मान सरळ ठेवा, प्राँग पुन्हा तपासा. आणि एकदा छातीशी ठेवलं की किमान तासभर हलवू नका, कारण बाळाला सगळ्यात जास्त त्रास या उचल-ठेवीचाच होतो.