हार्मोनचा रिपोर्ट वाचण्याआधी कॅलेंडर पाहा

माझ्या भाचीचं प्रोजेस्टेरॉन (अंडं सुटल्यावर वाढणारं हार्मोन) ०.६ आलं तेव्हा घरात सुतकी शांतता पसरली. "अंडंच तयार होत नाही म्हणे," असं कुणीतरी बोलून गेलं आणि पोरीचं जेवणावरचं मनच उडालं. चूक तिच्या शरीरात नव्हती, तारखेत होती. तिची पाळी ३८ दिवसांनी येते आणि रक्त घेतलं होतं २१व्या दिवशी. पुढच्या खेपेला ३१व्या दिवशी घेतलं, आकडा ९ आला. ३च्या वर गेला (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये) की अंडं सुटलं असं साधारण धरतात.

तेव्हा आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस. आदल्या दिवशी दिसलेले डाग मोजायचे नाहीत. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत किती दिवस गेले ते निदान तीन-चार महिने लिहा. अंतर २१ ते ३५ दिवसांत असेल आणि एकदा २७, एकदा ३१ होत असेल, तर त्याला अनियमित म्हणत नाहीत. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलींना पहिली दोन-तीन वर्षं ४५ दिवसांपर्यंतचं अंतरही चालतं.

त्याच कॅलेंडरवर गोळ्याही लिहा. घरात पूजा किंवा लग्न आहे म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्याकडे सर्रास घेतली जाते आणि डॉक्टरांना सांगायची मात्र राहून जाते. तो महिना हिशेबात धरू नका. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एफएसएच व एलएच (अंडाशयाला चालना देणारी, मेंदूकडून येणारी हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) यांचे आकडे खरं चित्र दाखवत नाहीत. पण गोळ्या मनाने बंद करू नका, आधी विचारा.

पाळी चुकली असेल आणि दिवस राहण्याची थोडीही शक्यता असेल, तर पहिली तपासणी गरोदरपणाची. बाकीचं नंतर.

आता लॅबमध्ये कधी जायचं. एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडिऑल (अंडाशयातलं स्त्री-हार्मोन) पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी. प्रोजेस्टेरॉन पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी. "२१वा दिवस" हा नियम फक्त २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि एएमएच (अंडाशयात अंडी किती उरलीत याचा अंदाज देणारं हार्मोन) कधीही चालतात. केस गळतात म्हणून बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकू शकतो. ते निदान दोन दिवस आधी थांबवायला सांगतात.

प्रोलॅक्टिनबद्दल (स्तनात दूध आणणारं हार्मोन) जरा सविस्तर सांगते, कारण त्याने बायका फार घाबरतात. हे हार्मोन झोपेत वाढतं, ताणाने वाढतं, व्यायामाने वाढतं, अगदी सुई टोचण्याच्या भीतीनेही वाढतं. मळमळीवरची डोम्पेरिडोन आणि मानसिक आजारांवरची काही औषधंही ते वाढवतात. म्हणून उठल्या उठल्या धावत जाऊ नका. उठून दोनेक तास होऊ द्या, लॅबमध्ये थोडा वेळ शांत बसा. आकडा जरासाच जास्त असेल तर आधी पुन्हा तपासतात.

पीसीओडीचा (हार्मोनच्या बिघाडाने पाळी आणि अंडाशयावर परिणाम होणारा त्रास) शिक्का तर आपण फारच पटकन मारतो. केवळ सोनोग्राफीत गाठी दिसल्या म्हणून पीसीओडी होत नाही. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण (हनुवटीवर राठ केस किंवा रक्तातला वाढलेला आकडा), आणि सोनोग्राफी किंवा एएमएच, या तिन्हींपैकी दोन लागतात. शिवाय थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन ठीक असल्याची खात्रीही. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफीवरून निदान करायचंच नाही. एलएच एफएसएचच्या दुप्पट आहे म्हणून पीसीओडी, हेही आता मानत नाहीत.

चाळिशीच्या आत एफएसएच खूप जास्त आलं आणि अंडाशय लवकर थकल्याची शंका आली तरी एका आकड्यावर मन खचू देऊ नका. साधारण महिन्याने ते पुन्हा तपासून घ्या.

मात्र तीन महिने पाळी आली नसेल, बाळ नसताना स्तनातून दूध येत असेल, त्यासोबत डोकेदुखी असेल किंवा अंधुक दिसत असेल, तर कॅलेंडर पूर्ण भरायची वाट पाहू नका, डॉक्टरांना भेटा. आणि दर तासाला पॅड बदलावा लागत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी कुणाला तरी सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा.