मेंदूच्या पृष्ठनकाशांसाठी नल मॉडेल बनवताना या चुका टाळा

कॉर्टेक्सची (मेंदूच्या बाहेरील थराची) जाडी आणि मायलिनचे (मज्जातंतूंवरील आवरणाचे) प्रमाण असे दोन नकाशे एकमेकांशी जुळतात का, हे पाहताना सहसंबंध काढणे सोपे असते. तेवढाच सहसंबंध निव्वळ योगायोगाने येऊ शकतो का, हे ठरवणे अवघड असते. शेजारशेजारच्या व्हर्टेक्सची (पृष्ठभागाच्या जाळीवरील बिंदूंची) मूल्ये सारखीच असल्यामुळे त्यांची संख्या हजारांत असली, तरी स्वतंत्र निरीक्षणे फार थोडी असतात. म्हणून मूल्यांची वाटेल तशी अदलाबदल करून नल नकाशे, म्हणजे योगायोग पडताळण्यासाठीचे कृत्रिम नकाशे, बनवू नयेत. त्यातून ही सलगता मोडते आणि क्षुल्लक साम्यही लक्षणीय ठरते.

२०१८ साली ॲलेक्झांडर-ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या स्पिन टेस्टमध्ये नकाशा गोलावर ठेवून तो गोल यादृच्छिकपणे फिरवतात, त्यामुळे सलगता टिकते. मात्र येथे सर्वाधिक घोळ मीडियल वॉलपाशी होतो. गोलार्धाच्या आतल्या बाजूचा हा भाग कॉर्टेक्स नसल्याने तेथे मूल्येच नसतात. ३२ हजारांच्या एफएस-एलआर या प्रमाणित जाळीत प्रत्येक गोलार्धाचे ३२,४९२ व्हर्टेक्स असतात, पण ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टच्या सिफ्टी (मेंदूची मूल्ये साठवण्याच्या प्रकारच्या) फाईलमध्ये डाव्या कॉर्टेक्सची २९,६९६ आणि उजव्याची २९,७१६ एवढीच मूल्ये असतात. ही मूल्ये गोलाच्या पहिल्या तितक्याच व्हर्टेक्सना जोडली, तर क्रम सरकतो आणि प्रोग्राम कोणतीही त्रुटी न दाखवता चुकीचे उत्तर देतो. आधी मूल्ये पूर्ण जाळीवर आपापल्या जागी बसवावीत आणि उरलेल्या जागी शून्य नव्हे, तर नॅन ('संख्या नाही' ही खूण) ठेवावा. शून्य भरल्यास गोल फिरल्यावर ऐन कॉर्टेक्समध्ये शून्य मिलिमीटर जाडीचा मोठा ठिपका उमटतो आणि सहसंबंध बिघडतो. नॅनची जागा प्रत्येक फेरीत बदलते, म्हणून ज्या व्हर्टेक्सवर दोन्ही नकाशांत मूल्य आहे, तेवढेच त्या फेरीत मोजावेत.

फिरवण्याचे कोन सरळ समान वितरणातून निवडले, तर काही दिशा जास्त वेळा येतात. त्याऐवजी नॉर्मल वितरणातील संख्यांच्या ३×३ मॅट्रिक्सचे क्यूआर विघटन करावे, चिन्हे दुरुस्त करावीत आणि डिटर्मिनंट +१ असल्याची (म्हणजे ती आरशातील उलट नव्हे, तर खरी फिरवणी असल्याची) खात्री करावी. उजव्या गोलार्धाला डाव्याच्याच फिरवणीचे आरशातील रूप द्यावे, नाहीतर दोन बाजूंमधील सममिती नाहीशी होते. व्हर्टेक्सचे निर्देशक (कोऑर्डिनेट) गोलाच्या फाईलचेच घ्यावेत, फुगवलेल्या पृष्ठभागाचे घेऊ नयेत.

सबकॉर्टिकल (कॉर्टेक्सखालील) भागांना स्पिन टेस्ट लागू पडत नाही. तेथे ब्रेनस्मॅशसारखी व्हेरिओग्राम (अंतरानुसार मूल्यांतील फरक कसा बदलतो हे दाखवणारा वक्र) जुळवणारी पद्धत वापरता येते. ती कॉर्टेक्सवर वापरायची असल्यास अंतरे पृष्ठभागावरून मोजावीत, मीडियल वॉलमधून आडवाट काढू नये आणि दोन्ही गोलार्धांचे नल वेगवेगळे बनवावेत. मूळ व नल नकाशांचे व्हेरिओग्राम एकाच आलेखावर काढून पाहण्याचा कंटाळा अनेकजण करतात, आणि नेमके हेच मला सर्वांत जास्त खटकते, कारण वक्र जुळत नसतील तर पुढची आकडेमोड व्यर्थ असते.

पी-मूल्य (तेवढा सहसंबंध योगायोगाने येण्याची शक्यता) काढताना अंश (मूळ सहसंबंध गाठणारे नल नकाशे) आणि छेद (एकूण नल नकाशे) दोन्हींत एक मिळवावा. १,००० नल नकाशांपैकी एकानेही मूळ सहसंबंध गाठला नाही, तरी उत्तर शून्य नसून १/१,००१ असते.