डेक आणि ॲम्पचं खरं व्होल्टेज मोजताय? या चुका टाळा

गाडीतल्या ॲम्पचं गेन (डेककडून, म्हणजे गाडीच्या म्युझिक प्लेयरकडून, आलेला सिग्नल ॲम्पने किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) लावायला मीटर हातात घेणारी पोरं वाढली, हे चांगलंच झालं. 'कानाने लावतो' म्हणणाऱ्यांचे वूफर किती जळाले, त्याची गणती नाही. पण आता नवा प्रकार सुरू झालाय. एक व्हिडिओ बघायचा, एक सूत्र पाठ करायचं आणि मीटरवर तो आकडा दिसेपर्यंत गेनचा स्क्रू पिळत राहायचं. आकडा दिसला की झालं काम!

आकडा आला म्हणजे आवाज स्वच्छ, हा समज

सगळ्यात जास्त वूफर याच समजापायी जातात. एक पोरगा स्विफ्ट घेऊन आला होता. डिकीत बारा इंची वूफर, कॉइल दुसऱ्यांदा जळालेली. डिकी उघडली आणि जळक्या वार्निशचा वास नाकात गेला. ॲम्प दोन ओहमला ५०० वॅट आरएमएसचा, म्हणजे क्षणभराचे नाही, सतत देता येणारे वॅट. वूफरच्या चार-चार ओहमच्या दोन्ही कॉइल पॅरलल जोडलेल्या, म्हणजे लोड दोन ओहमचा. इथपर्यंत सगळं बरोबर. "दादा, मीटरवर बरोबर ३१.६ आणले होते, मग जळला कसा?"

हिशोबही चोख होता. वॅट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ: ५०० गुणिले २ म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. मी विचारलं, "इंजिन चालू होतं का?" नव्हतं.

घोळ तिथेच होता. ॲम्पवर लिहिलेले वॅट साधारण १४.४ व्होल्ट सप्लाय धरून दिलेले असतात. इंजिन बंद असताना बॅटरी जेमतेम १२.२ ते १२.६ देते. ज्या ॲम्पचा पॉवर सप्लाय रेग्युलेटेड नसतो, त्याचं आउटपुट त्याच प्रमाणात खाली येतं. त्याचा ॲम्प तसाच इंजिन बंद ठेवून स्कोपला (सिग्नलच्या लाटेचा आकार दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला) लावला, तर लाट सत्तावीस व्होल्टच्या आसपासच वरून सपाट व्हायला लागली. तरीही मीटर ३१.६ दाखवत होता, कारण क्लिप झालेल्या, म्हणजे अशा छाटलेल्या, लाटेचंही व्होल्टेज असतं आणि गेन पिळत गेलं की ते वाढतच जातं. शिवाय ट्रू आरएमएस नसलेला (लाटेचा आकार कसाही असला तरी खरं माप देणारा नसलेला) मीटर प्रत्येक लाट साइनच, म्हणजे गोलसर आणि न छाटलेली, आहे असं धरून चालतो. पुरती चौकोनी झालेली लाट त्याला दिली, तर तो खऱ्यापेक्षा ११ टक्के जास्त दाखवतो. म्हणजे लाट जितकी बिघडलेली, तितका मीटर खूश.

मग इंजिन सुरू करून पाहिलं. गेन इतकं पुढे गेलेलं होतं की १४ व्होल्टलाही लाट छाटलेलीच. त्याच उंचीच्या साइन लाटेच्या मानाने पूर्ण चौकोनी लाट कॉइलमध्ये दुप्पट पॉवर ओतते. दुसरा वूफर जळाला यात नवल नाही, पहिला इतके दिवस कसा टिकला याचंच मला नवल वाटलं.

माझी पद्धत अशी आहे. इंजिन चालू. स्पीकरची वायर ॲम्पवरून काढलेली. बेस बूस्ट, लाउडनेस, ईक्यू (इक्वलायझर) सगळं शून्यावर. आधी डेकच्या आरसीएवर (ॲम्पकडे सिग्नल नेणाऱ्या सॉकेटवर) स्कोप लावून डेक किती व्हॉल्यूमपर्यंत स्वच्छ राहतो ते बघायचं, त्या आकड्यावर डेक ठेवायचा आणि मग ॲम्पच्या गेनला हात लावायचा. स्कोप नसेल तर स्क्रू अगदी हळू फिरवा आणि मीटरकडे बघत राहा. व्होल्टेज भराभर वाढता वाढता जिथे रेंगाळायला लागतं, तिथे तुम्ही हद्द ओलांडलेली असते. तिथून चांगलं मागे या. सूत्रातला आकडा ही वरची मर्यादा आहे, तिथे पोचलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि स्पीकर काढून मोजलेलं व्होल्टेज लोड लागल्यावर थोडं बसतं, तेव्हा शेवटचा अर्धा व्होल्ट ओढण्यासाठी जीव काढू नका.

पिवळा मीटर, २०० व्होल्टची रेंज

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सगळ्यात स्वस्त मिळतो तो पिवळा मीटर माझ्याकडेही आहे. बॅटरी आणि फ्यूज तपासायला तो उत्तम. पण त्याच्या गोल स्विचवर एसीची सगळ्यात खालची पायरी २०० व्होल्टची असते. तिथे शेवटचा आकडा एक दशांश व्होल्टचा, आणि त्या शेवटच्या आकड्यात दहा घरं इकडे तिकडे चालतील असं त्याच्या कागदातच दिलेलं असतं. म्हणजे एक व्होल्ट. डेकचं दोन व्होल्टचं आउटपुट मोजायचं आणि मोजणाऱ्याचीच चूक एक व्होल्टची! असल्या मीटरने आरसीए मोजून 'माझा डेक कमी व्होल्टेज देतो' म्हणत येणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

दुसरं म्हणजे, हे मीटर घरातली लाइन मोजायला बनवलेले असतात. आपली लाइन ५० हर्ट्झची. स्वस्त मीटरचं एसी माप साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचं असतं, आणि पोरं त्यावर १००० हर्ट्झचा टोन (तपासणीसाठीचा एकाच सुराचा आवाज) मोजतात. तपासणं सोपं आहे. ईक्यू सपाट ठेवा, डेकमधला हाय पास फिल्टर (खालचे सूर कापणारा) बंद करा, आणि एकाच व्हॉल्यूमला ५० आणि १००० हर्ट्झचे सारख्या पातळीचे टोन वाजवा. आकडे वेगळे आले तर बहुतेक वेळा दोष डेकचा नसतो, मीटरचा असतो. मीटरला ट्रू आरएमएस आणि एसीला दोन-चार व्होल्टची रेंज हवी. नसेल तर निदान ५० हर्ट्झच्या टोनवर तरी मोजा.

खोक्यावरचा आकडा खरा धरणं

डेकच्या खोक्यावर '४ व्होल्ट प्रीआउट' (म्हणजे आरसीएचं आउटपुट) लिहिलं की लोक चार व्होल्ट गृहीत धरतात. ते आरएमएस आहेत की पीक (लाटेच्या टोकाचे), हे खोक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं. पीक असतील तर मीटरवर २.८ दिसणार, आणि तेही ० डीबीचा (फाइलमध्ये मावेल तितका मोठा) टोन आणि व्हॉल्यूम जवळपास पूर्ण असताना.

डेकवरच्या '५० वॅट × ४' ची गंमत तर आणखी मोठी. १४.४ व्होल्टवर चालणारी ब्रिज आउटपुटची (स्पीकरच्या दोन्ही वायरींवर सिग्नल देणारी) चिप फार तर १४.४ व्होल्टचं पीक देऊ शकते, म्हणजे १०.२ आरएमएस. चार ओहमला ते २६ वॅट, आणि चिपमधला ड्रॉप वजा केला की त्याहून कमी. मग पन्नास कुठून आले? १४.४ चा वर्ग करून चाराने भागा. ५१.८ येतात. पूर्ण चौकोनी लाटेचे. हा आकडा ऐकायचा नाही, फक्त छापायचा.

स्पीकरच्या माइनसला बॉडी समजणं

डेकच्या स्पीकर वायरमधली माइनस ही ग्राउंड नसते. प्लस आणि माइनस दोन्हींवर बॉडीच्या मानाने सहा-सात व्होल्ट डीसी उभे असतात आणि सिग्नल दोघांच्या मधे असतो. एक प्रोब स्पीकरच्या प्लसवर आणि दुसरा बॉडीवर ठेवलात तर एसी निम्मंच दिसेल. ही चूक निदान काही जाळत नाही.

जाळते ती स्कोपची क्लिप. दोन चॅनेलच्या स्कोपमध्ये दोन्ही ग्राउंड क्लिप बहुधा आतून जोडलेल्या असतात. एक स्पीकरच्या माइनसला आणि दुसरी बॉडीला किंवा आरसीएच्या बाहेरच्या कड्याला लावली की तुम्ही डेकचं आउटपुट शॉर्ट केलंत. बॅटरीवर चालणारा स्कोपही यातून वाचवत नाही. स्पीकर लाइन बघताना मी एकच चॅनेल जोडतो, दुसरा प्रोब स्कोपवरून काढूनच ठेवतो.

किरकोळ, पण रोज दिसणाऱ्या

मीटर डीसीवर ठेवून 'शून्य दाखवतोय' म्हणणं. यावर काय बोलणार!

गाणं लावून मोजणं. गाण्याची सरासरी त्याच्या शिखरापेक्षा बरीच खाली असते, आकडा नाचत राहतो. टोनच वापरा.

−१० डीबीच्या टोनवर तोच व्होल्टेजचा आकडा गाठणं. मग ० डीबीच्या शिखराला ॲम्पकडून त्याच्या तिप्पट मागणी होते. ज्याला दणका लगेच हवा असतो त्याला ही युक्ती फार आवडते. वूफरचं गेन लावताना मी −५ डीबीपेक्षा खालचा टोन वापरत नाही.

बूस्ट शून्यावर ठेवून गेन लावणं आणि घरी जाऊन बूस्ट +६ वर नेणं. सहा डीबी म्हणजे व्होल्टेज दुप्पट. ऐकताना बूस्ट लागणारच असेल तर तो लावूनच मोजा.

कंपनी-फिटेड डेकला हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकर वायरचा सिग्नल आरसीएच्या पातळीला आणणारा डबा) लावून एकाच व्हॉल्यूमला मोजणं. काही डेक आवाज वाढवला की बेस मुद्दाम कापतात. ५० हर्ट्झचा टोन कमी, मध्यम आणि जास्त अशा तिन्ही व्हॉल्यूमला मोजा, शेजारी १००० हर्ट्झचाही लिहा.

ब्लूटूथवरून टोन वाजवणं. फोनचा व्हॉल्यूम वेगळा, डेकचा वेगळा, आणि फोनमधला ईक्यू कुणी चालू ठेवलाय ते कुणालाच आठवत नाही. टोनची फाइल पेनड्राइव्हवर टाका.