खाऱ्या पाण्याचा टँक वर, आरओ-डीआय खाली: पाणी चढवताना या चुका टाळा

मासे आणि प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक वरच्या मजल्यावर आणि नळाचं पाणी शुद्ध करणारं आरओ-डीआय युनिट (आधी मेम्ब्रेन म्हणजे गाळणारा पडदा, मग उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन) खाली, अशी मांडणी झाली की सुरुवातीला सगळे कॅनच उचलतात. २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो वजन, त्यात जिना चढताना आतलं पाणी हेलकावे खातं. पाणी बदलण्याच्या दिवशी कमरेचे हाल होतात, आणि बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याची भर (टॉप-अप) तर रोजचीच. मग पंप आणि पाइप टाकायचं ठरतं. पाणी वर चढेल ना, एवढी एकच चिंता तेव्हा डोक्यात असते. चढतं, फारसा त्रासही देत नाही. पंप बंद झाल्यावर किंवा फ्लोट (पातळीनुसार पाणी चालू-बंद करणारा तरंगता गोळा) अडकल्यावर, तेही घरात कोणी नसताना, हेच पाणी काय करेल हे मात्र बहुतेक जण नुकसान झाल्यावरच बघतात. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच निघतात.

गरज नसताना पंप घेणं

आधी साधा हिशोब करा. पाणी १ मीटर चढवायला साधारण १.४ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब लागतो. ३ मीटरच्या एका मजल्याला सव्वाचार पीएसआय पुरतो. युनिटला ६० पीएसआय दाबाने पाणी मिळत असेल, तर शुद्ध पाण्याची पाव इंची नळी सरळ वर नेऊन पिंपात सोडा. उत्पादन साधारण सात टक्क्यांनी घटेल. ७५ गॅलनचं मेम्ब्रेन चांगल्या स्थितीत दिवसाला २८४ लिटर, म्हणजे तासाला सुमारे १२ लिटर पाणी देतं. एवढ्या संथ धारेला बारीक नळीतलं घर्षण जाणवतही नाही. रात्रभरात १०० लिटर पाणी आपोआप वर पोचतं. मी कुणालाही आधी हाच मार्ग सुचवेन, कारण यात एका वेळी फार पाणी हलत नाही. काही बिघडलंच तरी ते हळूहळू बिघडतं.

दाब ४० पीएसआयच्या खाली असेल तर दाब वाढवणारा बूस्टर पंप लावा, पण तो मेम्ब्रेनच्या आधी. दाबाची गरज मेम्ब्रेनला असते. पुढे पंप लावून शुद्ध पाणी ओढलं म्हणून मेम्ब्रेन जास्त पाणी देत नाही.

या मांडणीत हमखास येणारी तक्रार म्हणजे वरचं पिंप भरलं, फ्लोट व्हॉल्व्ह बंद झाला, तरी सांडपाण्याची नळी वाहतेच आहे. युनिटला ऑटो शट-ऑफ व्हॉल्व्ह (पिंप भरल्यावर युनिटमध्ये येणारं पाणी आपोआप थांबवणारा) आहे का ते बघा. तो असेल तर पहिला संशय चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) घ्या. शुद्ध पाण्याच्या बाजूला दाब साठला तरच शट-ऑफ बंद होतो. चेक व्हॉल्व्ह गळका असेल तर तो दाब मेम्ब्रेनमार्गे मागे निसटतो आणि पाणी दिवसरात्र वाया जातं.

दुसरी तक्रार डीआय रेझिन फार लवकर संपतं ही. युनिट थांबलेलं असताना क्षार हळूहळू मेम्ब्रेनच्या शुद्ध बाजूला झिरपतात, त्यामुळे पुन्हा सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) बराच चढलेला असतो. पातळी दोन बोटं उतरली की लगेच फ्लोट उघडतो, असं दिवसातून दहा वेळा झालं तर दर वेळचं हे खराब पाणी रेझिनवर जातं. त्यापेक्षा पिंप बरंच रिकामं होऊ द्या, मग एकदम भरा. मेम्ब्रेन आणि डीआय यांच्या मध्ये एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि कॉक बसवून पहिल्या काही मिनिटांचं पाणी बाहेर सोडलं तर आणखी चांगलं.

पंपाच्या खोक्यावरचं हेड

एक पिंप दहा मिनिटांत वर न्यायचं असेल तर पंप हवाच. खोक्यावर 'हेड ३.५ मीटर' वाचून ३ मीटरच्या मजल्यासाठी तो पंप घेतला जातो आणि वर करंगळीएवढी धार येते. कमाल हेड म्हणजे जिथे प्रवाह शून्य होतो ती उंची. लागणाऱ्या उंचीच्या निदान दीडपट, शक्यतो दुप्पट हेडचा पंप घ्या, आणि पाव इंची नळीवर तो जोडू नका. निदान अर्धा इंची पाइप हवा. वळणं कमी ठेवा.

पंप वर ठेवून खालचं पाणी ओढायचा प्रयत्नही करू नका. टँकसाठी मिळणारे बहुतेक पंप पाणी ढकलणारे असतात. पाइपमधली हवा त्यांना ओढता येत नाही, म्हणून पंप खालीच ठेवायचा. आणि खालचं पिंप रिकामं झाल्यावर तो कोरडा फिरू नये म्हणून फ्लोट स्विच लावा.

सायफन

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. वरच्या पिंपात पाण्याचा शिंतोडा उडू नये किंवा आवाज होऊ नये म्हणून पाइपचं टोक तळापर्यंत सोडलं जातं. पंप चालू आहे तोवर सगळं ठीक. तो बंद झाला की तोच पाइप उलटा वाहू लागतो आणि पिंपातलं पाणी पंपातून मागे खाली येतं. वरचं पिंप २०० लिटरचं आणि खालचं १०० लिटरचं असेल, तर उरलेलं पाणी जमिनीवर. वीज गेली तरी तेच. माझ्याकडे हे एकदा रात्रीतून झालं आणि सकाळी खालच्या खोलीत घोटाभर नसलं तरी तळवे बुडतील एवढं पाणी होतं. तेव्हापासून माझ्या कुठल्याच पाइपचं टोक पाण्यात नसतं.

यावर चेक व्हॉल्व्ह लावा असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. रेझिनचा एक कण किंवा मिठाचा खडा अडकला की तो पूर्ण बंद होत नाही, आणि हे आधी कळत नाही. शिवाय त्यामुळे पाइप कायम भरलेला राहतो, आतलं पाणी शिळं होतं, पारदर्शक नळीवर उजेड पडत असेल तर शेवाळही धरतं. पाइपचं टोक पिंपाच्या कमाल पातळीच्या चार बोटं वर घट्ट बांधा. पंप थांबला की फक्त पाइपमधलं पाणी खाली येईल. १९ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या ८ मीटर पाइपमध्ये जेमतेम सव्वादोन लिटर पाणी मावतं. तेवढी जागा खालच्या पिंपात मोकळी ठेवली की झालं. पाइपला छोटं भोक पाडूनही सायफन तुटतो, पण ते भोक मीठ किंवा शेवाळाने बुजतं, म्हणून त्यावर विसंबू नका.

सायफनची दुसरी जागा कुणाच्या लक्षात येत नाही. शुद्ध पाण्याचं पिंप टँकशेजारी उंच स्टँडवर आणि टॉप-अपची नळी खालच्या संपमध्ये (टँकखालच्या जोडटाकीत). टॉप-अपचा छोटा पंप थांबला तरी पाणी वाहतच राहतं. ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) खारेपणाच्या २०० लिटर पाण्यात २० लिटर शुद्ध पाणी गेलं तर खारेपणा ३१.८ वर येतो. कोळंबी आणि प्रवाळांना हा एकदम बसलेला धक्का मोठा आहे. साठवणीच्या पिंपातली पाण्याची पातळी नळीच्या टोकापेक्षा कायम खाली ठेवा, आणि ते टोक संपच्या पाण्यात बुडू देऊ नका.

याच कारणासाठी खालच्या युनिटची नळी सरळ संपमध्ये सोडून त्यावर एकच फ्लोट बसवू नका. गोगलगाय फ्लोटवर चढून बसली तरी तो उघडा राहतो, आणि मागे नळाला अंत नाही. मध्ये मोजक्या पाण्याचं पिंप असलं की काय बिघडलं तरी तेवढंच पाणी टँकमध्ये जाऊ शकतं.

पितळ आणि तांबं

शुद्ध पाणी भुकेलेलं असतं, जे लागेल ते विरघळवतं. पितळी कॉक, पितळी फ्लोट व्हॉल्व्ह, बागेच्या होजचं पितळी तोंड यांतून तांबं पाण्यात उतरतं. माशांना चालेल अशा मात्रेतही ते कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळांना मारतं. टीडीएस मीटर एवढं थोडं तांबं दाखवेलच असं नाही. म्हणून पाणी ज्याला लागतं ते सगळं अन्नासाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकचं घ्या. पीव्हीसी पाइप चिकटवला असेल तर सोल्युशन पूर्ण वाळू द्या, आणि पहिली दोन पिंपं पाणी टाकून द्या.

खालीच मीठ कालवून खारं पाणी वर नेणार असाल तर त्याचा पाइप वेगळा ठेवा. एकच पाइप वापरायचा असेल तर खाऱ्या पाण्यानंतर तो शुद्ध पाण्याने धुवा आणि ते पाणी बाहेर काढा, नाहीतर पाइपमधलं मीठ टॉप-अपच्या पिंपात जातं.

वजनाचाही विचार करा. २०० लिटरचं भरलेलं पिंप २०० किलोंच्या वर जातं. ते खोलीच्या मधोमध ठेवू नका, भार पेलणाऱ्या भिंतीलगत ठेवा. पाइपचा एकही जोड भिंतीच्या आत नको, तो हाताला लागेल असा ठेवा. पंपाची वीज आरसीसीबीवरून (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) घ्या आणि वायरला प्लगच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत जात नाही.

सगळं जोडून झालं की पहिली चाचणी पाणी थांबवण्याची घ्या. एक जण वर, एक जण खाली. वरचं पिंप काठाशी येईपर्यंत पंप चालवा आणि स्विचऐवजी थेट प्लग उपटा. वरची पातळी हलायला नको. खालची दोन-तीन लिटरने वाढून स्थिरावली पाहिजे. दहा मिनिटं तिथेच थांबा आणि जिथे ती स्थिरावली तिथे पिंपावर पेनाने रेघ मारा. पुढे कधी पंप थांबल्यावर पाणी त्या रेघेच्या वर दिसलं, तर वरचं टोक घसरून पाण्यात गेलंय का, हे आधी बघा.