उघडी विहीर, सोडलेली चिरेखाण: पावसाआधी करायची कामं

जुलैत भाटात, म्हणजे बागायतीत, गवत माजलं की बिनकठड्याची विहीर दोन पावलांवरूनही दिसत नाही. म्हणून ही कामं मे महिन्यातच उरका.

विहिरीचा कठडा जमिनीपासून किमान 1 मीटर उंच हवा. जुना चिऱ्यांचा (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचा) कठडा असेल तर दोन्ही हातांनी जोर लावून ढकलून बघा. चिरा हलला तर वरून गिलावा करून भागणार नाही. तो थर काढून सिमेंटमध्ये पुन्हा बसवावा लागतो.

कठड्यावर जाळी हवीच, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पत्रा, प्लायवूड किंवा हिरवं शेडनेट टाकून विहीर 'झाकली' असं समजू नका. पाचोळा साचला की ते झाकण जमिनीसारखं दिसतं आणि पाय ठेवताच खाली जातं. अशी विहीर उघडीपेक्षा घातक. 50 मिमी अँगलच्या चौकटीत 12 मिमी सळ्या 10 सेंटिमीटरवर आडव्या-उभ्या वेल्ड करून घ्या, म्हणजे लहान मुलाचं डोकं त्यातून जात नाही. विहीर रुंद असेल तर मधे आधाराचा लोखंडी बार लागतो. गाळ काढण्यासाठी 60 सेंटिमीटरचं दार ठेवा, त्याला कुलूप लावा. खाऱ्या हवेत जाळी आधी गंजते ती सिमेंटमध्ये शिरणाऱ्या टोकांशी. तिथे रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल रंग), त्यावर रंगाचे दोन हात द्या आणि दरवर्षी ठोकून बघा.

चिरेखाण, म्हणजे चिरे कापून काढलेली खाण, बंद पडली तरी खड्डा जमीनमालकाचाच. तिच्या बाजू उभ्या कापलेल्या असतात. पाणी भरलं की पडलेल्याला धरायला काही सापडत नाही. शक्य असेल तर तुकडे आणि माती टाकून ती बुजवा. नाहीतर एक बाजू उतरती करा आणि काठापासून 2 मीटर मागे काटेरी तारेचं कुंपण घाला: 2 मीटरचे खांब 50 सेंटिमीटर गाडलेले, तारेचे पाच पदर. कुंपण अगदी काठावर घातलं तर माती ढासळताना खांबही जातात.

सार्वजनिक वाटेलगतच्या विहिरीला किंवा खड्ड्याला कुंपण घालण्याचा हुकूम दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली देऊ शकतो. निष्काळजीपणामुळे कोणी दगावलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कोणी आत पडलं तर मागोमाग उतरू नका. जुन्या विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो आणि वाचवणाराही गुदमरतो. दोर सोडा, 112 ला फोन करा.