म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन वाळवंटात हिवाळा काढायचा तर

ठाण्यात नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि भाड्याचं घर शोधताना प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच, "कुत्रा आहे का?" खंडू 13 वर्षांचा, 27 किलोचा, मागच्या दोन्ही पायांच्या खुब्यात संधिवात. मिळत होती ती घरं तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टची. शेवटी दिरांनी ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधून घेतलेला आपला कॅम्पर, म्हणजे आत राहण्याझोपण्याची सोय असलेली गाडी, आमच्या हवाली केला. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं आणि खंडू जैसलमेरकडे निघालो, ते फेब्रुवारीत परतलो. मी 31 वर्षं परिचारिका होते, तेव्हा खाली जे लिहितेय ते वॉर्डातल्या सवयीने बघितलेलं आहे. म्हातारा कुत्रा कण्हत नाही. दुखतंय हे तो सांगायला येत नाही, आपल्याला ते त्याच्या उठण्याबसण्यात शोधावं लागतं. सगळी तयारी याच्याभोवती करा.

निघण्याच्या दीड महिना आधी डॉक्टर गाठा. मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या, कारण सांधेदुखीची गोळी रोज चालू असेल तर भार तिथेच पडतो. रेबीजची आणि बाकीची लस तारखेत आहे ना ते बघा; वाटेत गावोगावची कुत्री भेटणारच. औषधं पूर्ण मुक्कामाची आणि वर पंधरा दिवसांची जास्त घ्या. कमी पडली म्हणून माणसांची आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी अर्धी करून कधीही देऊ नका. कुत्र्याच्या आतड्यात व्रण होतात, मूत्रपिंड बंद पडू शकतं. व्हिडिओ पाठवला तर बघाल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. आमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं आणि त्याचा दोनदा उपयोग झाला.

मग दोन रात्री गाडीतच झोपून बघा, घराजवळ. आम्ही वसईला दिरांच्या आवारात झोपलो आणि पहिल्याच रात्री कळलं की आतल्या गुळगुळीत विनाइलवर खंडूचे मागचे पाय फाकतात. दुसऱ्या दिवशी दारापासून अंथरुणापर्यंत रबरी मॅट चिकटवली. रॅम्पही तिथेच तपासला. गाडीची पायरी दीड फूट उंच असेल तर फळी किमान पाच फूट हवी, म्हणजे चढ अठरा अंशांच्या आत राहतो. तीन फुटी फळी डिकीत छान मावते, पण म्हातारा कुत्रा तिच्यावर पाय ठेवत नाही. आमची फळी 18 मिलीमीटर प्लायची, वर काथ्याची पट्टी चिकटवलेली. वर चढवण्याआधी आठवडाभर ती घरात जमिनीवर सपाट ठेवून तिच्यावर खाऊ द्या. आणखी एक, दुसऱ्याचा किंवा बदल केलेला कॅम्पर नेत असाल तर केलेले बदल आरसी बुकात नोंदलेले आहेत याची खात्री करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा विषय आहे, रस्त्यात वाद नको.

प्रवास हजारावर किलोमीटरचा. घोडबंदर रोड पहाटे पाचच्या आत ओलांडायचा, मग वापी, भरूच, अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर. दोन माणसांना दोन दिवसांत जमेल. आम्ही पाच घेतले. दर दोन तासांनी दहा मिनिटं थांबायचं आणि पट्टा लावून सपाटीवर चालवायचं, नाहीतर संध्याकाळी सांधे धरतात.

आता मुख्य गोष्ट, थंडी. जानेवारीत जैसलमेरला दुपारी 23-24 अंश असतं आणि पहाटे सात-आठ, कधी त्याच्याही खाली. पत्र्याची गाडी ही थंडी लगेच आत घेते आणि कुत्रा झोपतो तो सगळ्यात गार जागी, जमिनीवर. म्हणून अंथरूण जमिनीपासून चार बोटं उचला. आम्ही खाली लाकडी पट्ट्यांची चौकट, वर जाड फोम आणि त्यावर सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी घातली. फोम नुसता मऊ असून भागत नाही. हाताने दाबल्यावर तळ लागत असेल तर कुत्र्याच्या कोपराला आणि खुब्यालाही लागणार. गरम पाण्याची पिशवी द्यायची तर टॉवेलात दोनदा गुंडाळून पाठीशी ठेवा, अंगाखाली नको. पटकन सरकता न येणाऱ्या रुग्णाला पिशवीने भाजलेलं मी वॉर्डात पाहिलंय, आणि संधिवाताचा कुत्राही पटकन सरकत नाही.

शेगडी, कोळसा, गॅस यातलं काहीही पेटतं ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. आमच्या शेजारच्या ढाणीतल्या (शेतातल्या छोट्या वस्तीतल्या) एका प्रेमळ आजोबांनी निखाऱ्यांची पाटी आणून दिली होती. ती आम्ही बाहेर ठेवली, सगळे तिच्याभोवती बसलो आणि झोपायच्या आधी विझवली. छताची खिडकी रात्रभर दोन बोटं उघडी असू द्या.

दुपारचा धोका उलटा. बाहेर 24 अंश म्हणजे आल्हाददायक, पण उन्हात बंद केलेली गाडी तासाभरात चाळिशी ओलांडते. "दहा मिनिटांत बाजार करून येतो" असं म्हणून कुत्र्याला आत सोडू नका. आमच्यात एक जण नेहमी त्याच्यापाशी असायचा.

पाण्याने मला पहिल्याच आठवड्यात घाबरवलं. खंडूच्या वजनाला दिवसाला साधारण दीड लिटर पाणी लागतं. मी वाडगा मोजून भरते, तर तिसऱ्या दिवशी अर्ध्याहून जास्त तसंच उरलेलं. कातडीचा चिमटा घेऊन बघायची पद्धत म्हाताऱ्या कुत्र्यात फसते, कातडी वयानेच सैल झालेली असते. मी ओठ उचलून हिरड्यांना बोट लावलं. बोट घसरायला हवं होतं, ते चिकटलं. कारण साधं निघालं: कूपनलिकेचं पाणी मचूळ होतं, आम्हाला चहात कळलं नव्हतं, त्याला कळलं होतं. त्या दिवसापासून जैसलमेरहून वीस लिटरचे आरओचे कॅन आणले. जेवणही पातळ केलं, तांदळाची पेज आणि त्यात कोंबडीचं नुसतं उकडलेलं पाणी. कांदा, लसूण, मीठ अजिबात नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. वाडगा नेहमी चटईवर ठेवा. सांडलेला घास वाळूसकट पोटात गेला की बद्धकोष्ठ होतं आणि म्हाताऱ्याला ते फार जड जातं.

फिरायला सकाळी साडेनऊच्या आधी नेऊ नका. सूर्यच साडेसातच्या सुमाराला उगवतो आणि वाळू गार असते. दुसरी फेरी साडेचारला. टेकड्यांच्या भुसभुशीत वाळूत चालवू नका, खुब्याला तीच सगळ्यात वाईट. गाडीवाटेची घट्ट जमीन निवडा आणि वीस मिनिटांत परता. परत आलं की पंजे. सराटे आपल्याला माहीत असतात, पण तिथलं भुरट नावाचं गवत वेगळंच: बारीक काट्यांचं बोंड, बोटांमधल्या केसांत गुंततं आणि ओढलं की आणखी रुततं. मी खंडूचा पंजा मांडीवर घ्यायची, बोटांच्या मध्ये खोबरेल चोळायची आणि उवांच्या बारीक फणीने टोकाकडून मुळाकडे थोडं थोडं मोकळं करायची. एका संध्याकाळी डाव्या पुढच्या पंजातून अकरा बोंडं निघाली. बारावं सापडेना, पण तो तीच जागा चाटत होता. विजेरी दातात धरून बघितलं तर तळव्याच्या गादीखाली काळं टोक. चिमट्याने काढलं, मिठाच्या कोमट पाण्याने धुतलं, तेव्हा कुठे त्याने डोकं खाली टेकवलं. एकच जागा चाटत राहणं ही म्हाताऱ्या कुत्र्याची तक्रार समजा.

फुरसं कोकणात असतं तसं तिथेही आहे. थंडीत कमी दिसतं, पण उबदार दुपारी झुडपाच्या बुडाशी येऊन बसतं. तिथे नाक घालू देऊ नका.

जैसलमेरजवळच्या सम आणि खुरी या गावांच्या आसपासचा पुष्कळ भाग डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये येतो. तिकडे कुत्र्याला नेऊच नका. तिथला माळढोक पक्षी जमिनीवर अंडं घालतो, तेही बहुधा एकच, आणि कुत्रे हा त्याला मोठा धोका आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला आपल्याकडे माळढोक कसा दिसेनासा झाला ते आपण पाहिलंय. आम्ही शहरापासून पंधरा किलोमीटरवर एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या कुंपणात गाडी लावली. "राम राम सा" म्हणून आधी त्यांच्या अंगणात बसा, पाणी प्या, मग विचारा. धनगरांची कुत्री राखणीची असतात, हा प्रश्न कुंपणाने सुटला. नाताळ ते नवीन वर्ष समकडे रात्रभर स्पीकर वाजतात, तेव्हा लांबच राहा.

रात्री उठून कोपऱ्याकडे तोंड करून उभं राहणं खंडूला ठाण्यातच सुरू झालं होतं. वयाने दिशा विसरते. अनोळखी अंधारात ते वाढतं. दाराशी पिवळा, अगदी मंद एलईडी रात्रभर ठेवा आणि अंथरुणाची जागा एकदाही बदलू नका. तो उभा दिसला की हाक मारायची नाही, ऐकू कमी येतं, दचकतो. मी जमिनीवर हाताने दोनदा थापटायची. मॅटमधून त्याच्या पायांना ते जाणवायचं आणि तो वळायचा.

एक वही ठेवा. रोज पाणी किती, खाणं, शी, उठायला किती वेळ लागला. आणि गाढ झोपेत मिनिटाला किती श्वास: तीसच्या आत हवेत. सलग दोन रात्री त्यावर गेले तर वाट बघू नका. ताप मोजलात तर 101 ते 102.5 फॅरनहाइट कुत्र्याला साधारण आहे, घाबरू नका. जैसलमेरच्या सरकारी दवाखान्यात गायी, शेळ्या, उंट जास्त येतात. मोठी अडचण आली तर जोधपूर तिथून पावणेतीनशे किलोमीटर आहे. बिकानेरला 1954 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण ते आणखी लांब. म्हणून डिझेलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, हा आमचा नियम होता.

परतीची तारीख कॅलेंडरवरून ठरवू नका. फेब्रुवारीच्या मध्यावर खंडू दुपारी सावलीतही धापा टाकायला लागला, आम्ही दुसऱ्याच दिवशी आवरलं. घरी आल्यावर गोचिडांसाठी कानामागे, बोटांमध्ये, शेपटीखाली बघा आणि मूत्रपिंडाची तपासणी पुन्हा करा. खंडूची ठीक आली. आता कळव्याला तळमजल्यावर घर मिळालंय. दाराशी तीन पायऱ्या आहेत, त्यांच्यावर तीच पाच फुटी फळी टाकलेली आहे.